बिबट्याची बातमी होते

जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडचे चार तालुके. कुकडी प्रकल्पातली धरणं झाली, कालव्यांना पाणी आलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून बिबट्या. वर्ष-दीड वर्ष उभं राहणारं पीक, आत गारवा, जवळ पाणी, वस्तीवर कुत्री आणि शेळ्या. त्याला डोंगराकडं परत जायचं कारणच उरलं नाही. माद्या उसातच पिलं घालतात आणि तोड सुरू झाली की सगळं कुटुंब उघड्यावर येतं. आमच्याकडं कुणी त्याला बिबट्या म्हणत नाही, वाघच म्हणतात. मी इथल्याच एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, तीन बाजूंना ऊस. गावाचं नाव लिहीत नाही आणि मुलांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मागच्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या तिसरीतल्या एका मुलीच्या धाकट्या भावाला बिबट्यानं अंगणातून नेलं. ती तिथंच होती. त्या संध्याकाळबद्दल याहून जास्त लिहायचं नाही, कारण त्यावर लिहिणारे तेव्हा पुष्कळ झाले. हायवेवर रास्ता रोको झाला, पुढारी येऊन गेले, पिंजरे लागले, ड्रोन फिरले. कॅमेरे शाळेपर्यंतही आले. "वर्गमैत्रिणींचे दोन शब्द द्या," एवढीच त्यांची मागणी होती. आमच्या मुख्याध्यापकांनी फाटकाला आतून कडी लावली आणि "आत परीक्षा चालू आहे" म्हणून सांगितलं. परीक्षा नव्हती. पण एरवी नियमावर बोट ठेवणारा हा माणूस त्या दिवशी खोटं बोलला याचा मला अजून अभिमान वाटतो.

तेराव्यानंतर ती शाळेत आली. गणवेश धुतलेला, वेणी घातलेली, दप्तर नीट. पहिले काही दिवस सगळे म्हणायचे, पोर धीराची आहे. रडत नव्हती ना, म्हणून. मला मात्र वेगळ्याच गोष्टी दिसायला लागल्या. तिची जागा खिडकीजवळ होती, ती आपणहून उठून मागच्या भिंतीला पाठ लावून बसायला लागली, जिथून दार दिसतं. पाण्याची बाटली घरी भरलेली तशीच परत जायची. हे कळायला मला वेळ लागला: आमचं स्वच्छतागृह उसाच्या कडेला आहे, आणि पाणी प्यायलं की तिकडं जावं लागतं. खिचडीच्या वेळी ताटल्यांचा ढीग खाली ठेवला की बाकीची मुलं धावायची आणि ती जागीच गोठायची. रोज अकराच्या सुमाराला पोटात दुखायचं. वाचता येणारी मुलगी, पण ओळीच्या मध्येच थांबायची आणि कुठं होतो ते तिला सापडायचं नाही. आजी म्हणाली, "बाई, रातच्याला किंचाळत उठती. आन् हातरुण वलं करती. एवढी मोठी झाली तरी."

गावात उपाय सांगणाऱ्यांची कमी नव्हती. दृष्ट काढून झाली, ताईत बांधून झाला. मामाकडं पाठवा, म्हणजे विसरेल. वसतिगृहात घाला. आणि सुशिक्षितांचा उपाय असा की तिला बोलतं करा, मनातलं बाहेर काढलं की मोकळी होईल. हा शेवटचा सल्ला सगळ्यात पटण्यासारखा होता, म्हणून आधी त्याच्याबद्दल शोधाशोध केली. जागतिक आरोग्य संघटनेची 2011 सालची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका आहे. तिचा गाभा तीन क्रियांत मावतो: पाहा, ऐका, जोडून द्या. त्यात स्पष्ट आहे की घडलेलं सविस्तर सांगायला कुणावर दबाव आणायचा नाही. माणूस आपणहून बोलला तर ऐकायचं, नाहीतर शेजारी बसायचं. हे वाचून मला हलकं वाटलं, कारण शेजारी बसणं मला येतं.

पण "जोडून द्या" म्हणजे कुणाशी? शहरातल्या शाळांत समुपदेशक असतात. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एकाही शाळेत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं: डोळे, दात, वजन, उंची, रक्त कमी आहे का. त्या वेळच्या डॉक्टर मॅडमना मी बाजूला घेऊन विचारलं. त्यांनी तक्त्यात रकाना नसतानाही नीट ऐकून घेतलं आणि टेलिमानसचा 14416 हा नंबर दिला. केंद्र सरकारनं ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेली ही फोनवरून मानसिक आरोग्याची मदत देणारी मोफत सेवा, चोवीस तास. मराठी निवडता येते. शाळा सुटल्यावर मी फोन लावला. पलीकडच्या बाई घाईत नव्हत्या. मुलीबद्दल विचारलं, मग आईबद्दल, मग घरात रात्री कोण असतं याबद्दल आणि शेवटी मला विचारलं, "तुम्ही स्वतः झोपताय ना नीट?" असा प्रश्न नोकरीत आल्यापासून मला कुणी विचारला नव्हता. त्यांनी सांगितलं की लक्षणं महिन्यापेक्षा जास्त टिकली असतील तर प्रत्यक्ष दाखवायला हवं, आणि जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जायला सुचवलं.

जिल्हा रुग्णालय म्हणजे औंध. आमच्याकडून निघायचं तर पहाटे. मी किरकोळ रजा टाकली. वडील, आजी, ती आणि मी. चाकणच्या कोंडीत एसटी अर्धमेली झाली, नाशिक फाट्याला उतरलो, तिथून पुढं रिक्षा. केस पेपर काढला आणि रांगेत बसलो. वडील सारखे म्हणत होते, "आपण येडं समजून तर नाही ना आनलंय तिला?" त्यांना मी एवढंच म्हटलं की हात मोडला असता तर आपण आलोच असतो.

मला वाटलं होतं, आता तिला त्या संध्याकाळबद्दल विचारतील. विचारलं नाही. तिथल्या मानसशास्त्रज्ञ ताईंनी कागद आणि खडू दिले, ती चित्र काढत असताना मोठ्यांशी बोलल्या. झोप, जेवण, अंथरूण, कोणत्या आवाजाला दचकते, कुणाजवळ शांत असते. मग त्यांनी विचारलं, "भाऊ कुठं गेला म्हणून सांगितलंय तिला?" आजी म्हणाली, "देवाघरी झोपलाय म्हनलं." ताई क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, आजी, मग ती झोपायला घाबरणार नाही तर काय करेल? साधी, खरी भाषा वापरायला सांगितली: तो मेला, तो परत येणार नाही, त्याला आता दुखत नाही. तिच्या वयाच्या मुलांना मरण कळायला लागलेलं असतं, आपण गोल गोल बोललो की ती त्यातून भलतेच अर्थ काढतात.

आणि एक गोष्ट बाहेर आली. भेटायला आलेल्यांपैकी कुणीतरी तिला विचारलं होतं, "तू कुठं होतीस गं तवा?" विचारणारीच्या मनात काही नसेल. पण तिनं ते पक्कं धरून ठेवलं होतं. ताईंनी वडिलांना सांगितलं, तुमच्या तोंडून तिला ऐकू द्या की तुझी यात काही चूक नाही. एकदा सांगून भागणार नाही, पुन्हा पुन्हा सांगा. वडील तिथंच, सगळ्यांसमोर, तिला म्हणाले. ती चित्रच काढत राहिली.

गोळी दिली नाही. परत यायचं ठरलं आणि मधल्या काळात शाळेनं काय करायचं ते ताईंनी मला समजावून सांगितलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. चोरी होऊन गेलेल्या घरातलं कुत्रं जसं पुढं पान हललं तरी भुंकतं, तसं तिचं डोकं झालंय. राखण करणं हे त्याचं काम आहे, ते ते चोख करतंय. फक्त आता कुठं थांबायचं हे त्याला कळत नाहीये. अशा डोक्याला पाढे पाठ होत नाहीत. यात तिचा आळसही नाही आणि बुद्धीही कमी नाही. म्हणून आधी शाळा अशी करा की पुढं काय होणार याचा तिला अंदाज येईल.

ते आम्ही केलं, आणि ते काही फार थोर नव्हतं. फळ्याच्या कोपऱ्यात रोजचा क्रम लिहायचा: आधी गाणं, मग गणित, मग खिचडी. बदल असेल तर सकाळीच सांगायचा, "आज केंद्रप्रमुख सर येणार आहेत, त्यांची गाडी वाजेल." ताटल्या आपटून ठेवायच्या नाहीत, हे खिचडीवाल्या मावशींना सांगितलं, त्यांनी ताटल्यांखाली पोतं घातलं आणि प्रश्नच मिटला. भिंतीजवळची जागा तिचीच राहिली. कुणी मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही, आधी नाव घ्यायचं. हे मी सगळ्या वर्गालाच सांगितलं, तिचं नाव न घेता. मुलांनी विचारलंही नाही का म्हणून.

स्वच्छतागृहाचं मात्र पायरी पायरीनं करावं लागलं. ताईंचा नियम होता: ओढायचं नाही आणि कायमचं टाळूही द्यायचं नाही. आधी दोघी मैत्रिणी आणि मी, व्हरांड्याच्या टोकापर्यंत. तिथून परत. मग दारापर्यंत. मग मैत्रिणी आत, मी बाहेर गाणं म्हणत उभी. माझा आवाज बरा नाही, पोरींना त्याचंच हसू यायचं. एखाद्या दिवशी गाडी मागं यायची, उसातून वाऱ्याचा आवाज आला की ती वळून पळायची. तर पळू द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा व्हरांड्यापासून सुरुवात करायची.

तोवर भीती तिच्या एकटीची नव्हती, हेही ध्यानात घ्यायला हवं. वर्गातली निम्मी मुलं संध्याकाळी घराबाहेर पडत नव्हती. आणि धोका खरोखरच संपलेला नव्हता, कारण ऊस तसाच उभा होता. शहरातल्या कुणी लिहिलेल्या मार्गदर्शनात "आता तू सुरक्षित आहेस असं मुलाला सांगा" असं असतं. इथं ते सांगता येत नाही, मूल लगेच ओळखतं की बाई खोटं बोलतायत. म्हणून आम्ही शाळा व्यवस्थापन समितीची बैठक घेतली, उसाच्या बाजूनं साफसफाई आणि दिवा असा ठराव केला. ज्यांचा ऊस शाळेला लागून आहे ते समितीतच आहेत. त्यांनी शाळेकडच्या सऱ्या मोकळ्या सोडायचं कबूल केलं आणि सोडल्याही. कुंपणाचा प्रस्ताव वर गेला आहे, म्हणजे वर आहे.

वनरक्षकांना वर्गात बोलावलं. तरुण मुलगा, याच भागातला. त्यानं भाषण केलं नाही, माहिती दिली: बिबट्या कधी बाहेर पडतो, वाकून बसलेलं माणूस त्याला लहान जनावरासारखं का वाटतं, अंधारात जायचंच तर घोळक्यानं, बॅटरी घेऊन, मोबाइलवर गाणी लावून. मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात किती वाघ आहेत, त्यांना काय खायला घालतात, ते पळून आले तर. मग भिंतीकडून आवाज आला, "पकडलाय तो तोच हाय का?" घटनेनंतर एक बिबट्या जेरबंद झाला होता. सगळा वर्ग गप्प. वनरक्षकानं माझ्याकडं पाहिलं, मी काही बोलले नाही. तो म्हणाला, "मला नक्की सांगता येणार नाही. पिंजरे अजून लावलेलेच आहेत, आमची गस्त रात्रीची चालू आहे." हो म्हणणं किती सोपं होतं. तिनं मान हलवली. त्या दिवसापासून ती अधूनमधून मला प्रश्न विचारायला लागली, कारण बहुतेक तिला कळलं असावं की इथं विचारलं तर खरं उत्तर मिळतं.

मुलं मधल्या सुट्टीत एक खेळ खेळायची. एकजण वाघ, एकजण बाळ, बाळाला ओढत न्यायचं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला आणि आमचे सर छडी शोधायला निघाले. पण औंधच्या दुसऱ्या भेटीत हे विचारलं होतं. भयंकर काही घडलं की मुलं ते खेळतात, तो त्यांचा पचवायचा मार्ग आहे. मात्र खेळ रोज तसाच्या तसा संपत असेल तर त्यात हळूच एखादं पात्र वाढवायचं. मी विचारलं, "यात वनखात्याची गाडी नाही का रे?" दुसऱ्या दिवशी गाडी आली, डॉक्टर आले, पिंजरा आला. आठवडाभरात वाघालाच पळता भुई थोडी झाली आणि मग पोरांना खेळाचा कंटाळा आला.

एक गोष्ट कुठल्याच पुस्तिकेत नव्हती. बिबट्याच्या हल्ल्यात मृत्यू झाला तर सरकार 25 लाख रुपये देतं. त्यातला बराचसा भाग ठेवीत असतो, पण गावाला आकडा तेवढा ठाऊक. भावकीत कुरबुरी सुरू झाल्या आणि त्या वर्गात पोचल्या. "तुमच्याकडं आता लय पैसं आलं," असं एका मुलानं तिला म्हटलं. त्यात दुष्टावा नव्हता, घरात ऐकलेलं होतं. त्यावर मी वर्गात काही प्रवचन केलं नाही. त्याच्या आईला भेटले. त्या माउलीला इतकं लागलं की संध्याकाळी ती भाकरी घेऊन त्यांच्याकडं गेली.

आणि तिची आई. ती अंथरुणातून उठतच नव्हती. मुलीची काळजी घेताना सगळेजण आईला विसरले होते, खरं तर मुलगी सावरायची तर आधी आईच्या पायात बळ यायला हवं. आईला औषधं सुरू झाली. औंधला नाही, तालुक्याच्या ठिकाणी. उन्हाळ्यात एकदा ती स्वतः मुलीला शाळेत सोडायला आली, एवढं सांगते.

आता मला ज्याच्यासाठी हे लिहायला घ्यावंसं वाटलं, त्या मुलाबद्दल.

चौथीतला मुलगा. गावाच्या भाषेत उनाड. कुणाचा धक्का लागला तरी वळून ठोसा मारायचा. सर मोठ्यानं बोलले की कानावर हात. गृहपाठ कधीच नाही. पेन्सिली चोरायचा. आजवरच्या प्रत्येक शिक्षकानं त्याच्याबद्दल एकच वाक्य पुढच्याला सांगितलेलं: घरचं वळण नाही. दचकणं, न झोपणं, दाराकडं तोंड करून बसणं, पोट दुखणं, ओळ हरवणं; मुलीच्या बाबतीत हे सगळं लिहून काढलेला कागद माझ्याजवळ होता. एक दिवस तो पाहताना मी थबकले. नाव बदललं तर हा कागद त्या मुलाचा होता. एकच फरक होता, ती गोठत होती आणि हा हात उगारत होता.

त्याच्या घरी वाघ आला नव्हता. त्याचा बाप रोज प्यायचा आणि त्याच्या आईला मारायचा, कधी कोयत्याच्या दांड्यानं. एका रात्री ती धाकट्याला घेऊन माहेरी निघून गेली. हा बापाच्या आईजवळ राहिला. गावाला हे सगळं माहीत होतं. कुणी रास्ता रोको केला नाही, कुणी पुढारी आला नाही. मुलीला सगळ्या गावानं फुलासारखं जपलं, ते योग्यच केलं. याला मात्र फटके मिळत होते, आणि शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद केल्याला 2009 पासून किती वर्षं झाली, ते मोजायला नको.

अमेरिकेत सॅन दिएगोला फेलिट्टी आणि अंडा या डॉक्टरांनी सतरा हजारांहून जास्त प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं होतं. 1998 पासून त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध होत गेले. लहानपणीचे असे अनुभव जितके जास्त, तितका पुढं हृदयविकार, नैराश्य, व्यसन यांचा धोका जास्त, असं त्यातून दिसलं. मी तो तक्ता पाहिला तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली: त्यात पूर नाही, भूकंप नाही, वाघ तर नाहीच. मारहाण, अपमान, उपेक्षा, आईला मार बसताना पाहणं, घरात व्यसन, आई-बाप वेगळे होणं. सगळं उंबऱ्याच्या आतलं. याच जिल्ह्यात 30 जुलै 2014 ला माळीणवर डोंगर कोसळला तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं की वाचलेल्या मुलांना मदत लागणार. त्या मुलाच्या घरावर डोंगर रोज थोडा थोडा पडत होता.

त्याच्यासाठी वेगळं काही शोधावं लागलं नाही. फळ्यावरचा क्रम होताच. ताटल्यांखाली पोतं होतं. एक नवीन केलं: राग चढतोय असं वाटलं की न विचारता उठून बाहेर जायचं आणि झाडांना पाणी घालायचं, ही त्याला कायमची परवानगी. सर म्हणाले, याचा फायदा घेईल तो. घेतला. पहिला आठवडा निम्मा वेळ तो झाडांपाशीच होता, आमची जास्वंद जवळजवळ बुडाली. मग कमी झालं. छडी कपाटात गेली. सरांनीच ठेवली, आणि त्यावर ते काही बोलले नाहीत, मीही विचारलं नाही.

घरचं मात्र वर्गात सुटणारं नव्हतं. 1098 या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करावा का, यावर आम्ही दोघं बरंच बोललो. गावात राहायचं असतं, बाप दारात येऊन उभा राहू शकतो. शेवटी केला. 2023 पासून ही हेल्पलाइन सरकारी यंत्रणेकडं आहे आणि फोन जिल्हा बाल संरक्षण कक्षापर्यंत पोचतो. तिथून एक ताई गृहभेटीला आल्या, साध्या कपड्यांत, मोटारसायकलवर मागं बसून. आजीशी बोलल्या. मुलाला उचलून कुठं न्यायचं नाही, हे त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगितलं आणि आजीच्या खांद्यावरचं ओझं खाली आल्यासारखं मला दिसलं. मूल आजीजवळच राहावं आणि बालसंगोपन योजनेचा अर्ज करावा, असं ठरलं.

ही योजना पुष्कळ शिक्षकांना फक्त अनाथांची वाटते. तसं नाही. एक पालक असलेली, आई-वडील वेगळे झालेली, घरात गंभीर संकट असलेली मुलंही तिच्यात बसतात. 2023 पासून महिन्याला 2250 रुपये मिळतात. कागद मात्र लागतात. आधार, रेशनकार्ड, रहिवासी दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा बोनाफाईड, घरासमोर मुलाबरोबर काढलेला फोटो. आजीचं नाव आधारवर एक आणि रेशनकार्डावर दुसरं निघालं, त्यात महिना गेला. एका खिडकीवर सांगितलं की बाप जिवंत आहे तर अर्ज चालणार नाही. दुसऱ्या खिडकीवर तोच अर्ज घेतला. मग मुलांच्या सांभाळाचे निर्णय घेणाऱ्या बालकल्याण समितीपुढं हजर राहायचं. आजी कोर्ट समजून नवं लुगडं नेसून आली होती. समितीतल्या बाईंनी मुलाला विचारलं, "कुणाजवळ राहायला आवडतं?" तो म्हणाला, "आजीजवळ. पन बाप रात्री यतो." हे वाक्य त्यांनी लिहून घेतलं. पुढं पोलीस पाटलांमार्फत बापाला समज दिली गेली. तो रोज पितो, पण आजीच्या झोपडीकडं पूर्वीसारखा येत नाही.

जानेवारीतल्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत मला बोलायला अर्धा तास दिला, निपुण या वाचन-गणिताच्या अभियानाच्या आकडेवारीनंतर आणि चहाच्या आधी. मी दोन्ही मुलांचं नाव न घेता ते लक्षणांचे कागद वाचून दाखवले आणि विचारलं, यातला उनाड कोणता? मग जो तो आपापल्या वर्गातलं सांगायला लागला. ऊसतोडीला आलेल्यांची मुलं, हंगामापुरती बसतात आणि कुणाशी बोलत नाहीत. वीटभट्टीवरची. एका सरांनी दबक्या आवाजात एका मुलीबद्दल विचारलं, "शंका आहे, पुरावा नाही." त्यांना सांगितलं की मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पॉक्सो कायद्यात शंका पुरेशी आहे. 19 व्या कलमाप्रमाणं कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पुरावा शोधणं पोलिसांचं काम, आणि मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, गणवेश न घालता घ्यायचा असतो. चहा थंड झाला. 2022 च्या शासननिर्णयानं प्रत्येक शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, ती किती शाळांत भिंतीवरच्या यादीपलीकडं आहे, हा प्रश्न केंद्रप्रमुखांनी स्वतः विचारला. हात फार वर आले नाहीत.

मुलगी आता चौथीत गेली आहे. पाणी पिते. रात्री अजून अधूनमधून उठते, आणि दिवाळी जवळ आली की त्रास वाढू शकतो असं ताईंनी आधीच सांगून ठेवलं आहे, म्हणून त्या आठवड्यात सहल किंवा तपासणी ठेवू नये एवढं मी सरांकडून कबूल करून घेतलंय. मुलगा चौथी पास होऊन शेजारच्या गावच्या हायस्कूलला गेला. आजीला विचारून मी तिथल्या वर्गशिक्षकांना भेटले. त्यांनी आधी विचारलं, "म्हणजे त्याला काही बोलायचंच नाही का?" बोला, म्हटलं, पण आधी नाव घ्या, मागून जाऊ नका, आणि बाहेर जाऊ द्या. त्यांच्याकडं झाडं नाहीत, पण मैदानाला फेरी मारायला पाठवतो म्हणाले. बालसंगोपनचे पहिले पैसे आजीच्या खात्यावर जमा झाले, त्यातून चप्पल आणि चष्मा आला. त्याला लांबचं दिसत नव्हतं, हेही आम्हाला तोवर ठाऊक नव्हतं. पुढचे हप्ते अजून यायचे आहेत. आढावा आला की उत्पन्नाचा दाखला नवा काढावा लागेल, आणि त्याआधी आजीच्या आधारवरचं नाव दुरुस्त करून घ्यायचंय, त्यासाठी सोमवारी तिला घेऊन तालुक्याला जायचंय.